घडीवरचं नाव

शेन मास्तरांना आमच्या शहरातल्या एका मोठ्या लायब्ररीने फसवलं. त्यांनी स्वतः कोरलेले तीन लाकडी ठसे त्या लायब्ररीने काचेच्या पेटीत ठेवले आणि खाली पाटी लावली, 'अज्ञात कारागीर, अठरावं शतक'. कारागीर अज्ञात नव्हता. तो दर शनिवारी माझ्या छापखान्यात मागच्या टेबलाशी बसून बिनदुधाचा चहा प्यायचा, आणि आमच्या चहाला 'दुधाचं सूप' म्हणायचा. त्या फसवणुकीत माझाही हात होता. तो किती होता ते पुढे सांगतोच. लपवायचं असतं तर लिहायला बसलो नसतो.

पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, मशीन चालू असताना त्यांच्या मुलीचा, मेईचा, फोन आला. "वडील गेले. रविवारी. अंत्यविधीचं कार्ड छापून द्याल का?" मी मशीन बंद केलं. काय बोलायचं असतं अशा वेळी ते मला कधीच सुचत नाही, म्हणून मी कामाचं विचारलं. नावाखाली काय घालू? ती म्हणाली, "रिटायर्ड घाला." मी विचारलं, "कशातून रिटायर्ड?" ती म्हणाली, "शेवटी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होते ना. भाज्या चिरायचे." मी म्हटलं, "मेई, तुझे वडील भाज्या चिरणारे म्हणून गेले असं मी छापणार नाही. दुसरा छापखाना बघ." ती रडायला लागली. सुमन, माझी बायको, दुकानात बिलं लावत होती. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहिलो.

माझी आणि मास्तरांची पहिली भेट भांडणानेच झाली. नागपुरात माझे वडील आयुष्यभर कंपोझिटर होते, शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. मी इथे अमेरिकेत आलो, सात वर्षं दुसऱ्याचं मशीन चालवलं आणि ऐंशी साली कोलंबसमध्ये एक छोटं ऑफसेटचं दुकान घेतलं. समोरून कोणी आलं की हा आपल्याकडून काय उकळायला आलाय हे आधी बघायचं, ही माझी सवय तेव्हाची. एक दिवस काळा कोट घातलेला एक बारकुडा चिनी म्हातारा आला आणि मी छापलेलं एका चिनी रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड त्याने काउंटरवर उलटं ठेवलं. मी ते सुलटं केलं. त्याने परत उलटं केलं. चार वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इंग्रजी सुलटं होतं, पण त्याखालची चिनी ओळ मीच उलटी चिकटवली होती. मी लगेच म्हटलं, "प्रूफ तुमच्या मालकाने पास केलंय. फुकट परत छापणार नाही." म्हाताऱ्याने मूळ पेस्ट-अप, म्हणजे मजकुराच्या पट्ट्या चिकटवलेला पुठ्ठा, मागितला, खिशातून एक आखूड चाकू काढला, मेणाने चिकटवलेली ती केसाएवढी पातळ पट्टी एका झटक्यात उचलली, फिरवली आणि जागेवर बसवली. पट्टी ना फाटली ना सुरकुतली. माझ्याकडे तेव्हा दोन पेस्ट-अप आर्टिस्ट होते. दोघांनाही ते जमलं नसतं. मला त्याच क्षणी संशय आला, की हा रेस्टॉरंटचा नोकर नाही. कोणीतरी याला माझं काम बघायला पाठवलंय.

तो संशय जायला वर्ष लागलं. दर शनिवारी ते यायचे, कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या मागायचे, बोटांत चोळून बघायचे, उजेडासमोर धरायचे, आणि माझ्या महागातल्या महाग कागदालाही मान हलवायचे. दोघांचंही इंग्रजी तोडकं, त्यामुळे वाद मस्त व्हायचे. लांबवायला शब्दच नसायचे. एकदा मी सहज म्हटलं की छपाई जर्मनांनी शोधली, माझ्या वडिलांनी मला तेच शिकवलं. मास्तर हसले. म्हणाले, त्याच्या चारशे वर्षं आधी आमच्याकडे मातीचे खिळे होते. एकेक अक्षर ओल्या मातीत कोरायचं, भाजायचं, मेण-राळेने पत्र्यावर बसवायचं, छापून झालं की पत्रा तापवून परत सोडवायचं. आणि त्याच्याही आधी अख्खं पान एका फळीवर कोरायचे. मी म्हटलं, "तुम्ही लोक सगळंच आपलं म्हणता. कागद तुमचा, छपाई तुमची, होकायंत्र तुमचं, बंदुकीची दारू तुमची. आमच्यासाठी काही ठेवलंय की नाही?"

"पुस्तक," ते म्हणाले.

"कसलं पुस्तक?"

"एवढं सगळं छापायची घाई आम्हाला कशासाठी झाली? तुमच्या भिक्षूंच्या पुस्तकांसाठी. तारीख घातलेली जी सगळ्यात जुनी छापील पुस्तकं आहेत, ती बुद्धाची आहेत. तुमच्याकडून माणूस यायचा, पुस्तक पाठांतरात घेऊन. एक जण ऐकायचा, एक भाषांतर करायचा, एक लिहायचा, एक तपासायचा. आणि पहिल्या ओळीत आम्ही त्या माणसाचं नाव घालायचो, कुठल्या देशाहून आला तेही. कित्येक पुस्तकं तुमच्याकडे आता नाहीत. आमच्याकडे आहेत. नावासकट."

मी नागपूरचा बौद्ध माणूस. आमचं विहार म्हणजे इथल्याच, कोलंबसशेजारच्या डब्लिनमधल्या एका डॉक्टरांच्या घराचं बेसमेंट, तिथे महिन्यातून एकदा आम्ही वीस-पंचवीस जण जमतो. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अर्थात मी ते लगेच खरं मानलं नाही. पुढच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "बरोबर सांगतोय तो. तू एवढा चिडतोयस कशाला?" मी चिडलो नव्हतो. माझे वडील चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जुळवत राहिले, आणि एकाही पुस्तकावर त्यांचं नाव नाही, हे मला त्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदा सुचलं... एवढंच.

मग लायब्ररीचं प्रकरण आलं, आणि ते मीच आणलं. त्या लायब्ररीकडे कोणा मिशनरी घराण्याने देणगी दिलेला जुन्या चिनी ठशांचा एक संच होता. बौद्ध ग्रंथाचा, एका फळीवर एक ताव असा. त्यातल्या तीन फळ्या हरवल्या होत्या. छपाईच्या इतिहासाचं प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या कॅटलॉगचं काम मला हवं होतं, आणि क्युरेटरबाई माझ्यापेक्षा मोठ्या छापखान्याकडे झुकल्या होत्या. मास्तर गावाकडे अशाच फळ्या कोरायचे, हे एव्हाना त्यांनीच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या तीन फळ्या कमी आहेत. कोरून देणारा माणूस माझ्याकडे आहे, अमेरिकेत दुसरा सापडला तर सांगा. कॅटलॉग मला द्या, माणूस मी देतो." बाईंनी चष्मा काढला आणि हसल्या. त्यानंतर मी कागद कुठला, रंग किती, मुदत किती, प्रूफं किती, सगळ्यावर घासाघीस केली. त्या माणसाचं नाव कुठे लागेल, एवढं एक विचारलं नाही. ते डोक्यातच आलं नाही.

मास्तरांनी किचनमधली नोकरी सोडली आणि पाच महिने ते काम केलं. त्या मजकुराची दुसरी प्रत कुठल्याशा लायब्ररीत होती, तिच्या झेरॉक्स बाईंनी मागवल्या. मास्तरांनी जुन्या फळ्यांवरच्या अक्षरांचं वळण बघून बघून पातळ कागदावर तसं लिहिलं, कागद नासपतीच्या लाकडावर पालथा चिकटवला, बोटाने चोळून मागचा थर काढला, तेल लावलं, की अक्षरं उलटी होऊन फळीवर दिसायची. मग चाकू. चाकू ते स्वतःकडे ओढायचे, पुढे ढकलायचे नाहीत. एक अक्षर झालं की थांबून श्वास सोडायचे. माझी मुलगी प्रिया तेव्हा नऊ वर्षांची, ती तासन् तास बघत बसायची आणि म्हणायची, "डॅडी, शेन अंकल नेव्हर मेस अप." मी तिला सांगितलं, बघ, अभ्यास असा करायचा असतो. मास्तर म्हणाले, "खोटं. चूक होते. चूक झाली की तेवढं लाकूड कोरून काढायचं आणि नवीन तुकडा ठोकायचा. फक्त कोणाला दिसू द्यायचं नाही."

फळ्या झाल्या. लायब्ररीच्या तळघरात मास्तरांनी सगळ्या संचाचे ताव काढले. शाई ब्रशने लावायची, कागद अंथरायचा आणि काथ्यासारखा कुंचा वरून फिरवायचा, मशीन नाही, दाब नाही. ते ताव बाईंनी फोटो काढण्यासाठी माझ्याकडे पाठवले. प्रत्येक तावाच्या बरोबर मध्ये एक अरुंद उभी पट्टी असते, कारण तो ताव तिथे घडी घालून पुस्तकात बांधतात. त्या पट्टीत काही बारीक अक्षरं होती, एक माशाच्या शेपटीसारखी खूण होती, आणि अगदी तळाशी आणखी दोन-तीन अक्षरं. बाईंचा फोन आला. "मधलं ते सगळं फार गिचमिड दिसतं. तेवढं साफ करून टाका. पान स्वच्छ दिसू दे." आमच्या धंद्यात घडीच्या जागी काही छापलेलं असलं तर ते घाण समजायचं, तिथे कोणी कामाचं काही ठेवत नाही. मी लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवली, लाल ओपेक रंगाची बाटली उघडली, आणि बारीक ब्रशने एकेक अक्षर बुजवत गेलो. निगेटिव्हवर जिथे उजेड येतो तिथे रंग भरला की ते छापून येत नाही. काम नीट केलं. मला अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवतो.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मास्तर तोच काळा कोट घालून आले. मेई, सुमन, प्रिया, आम्ही सगळे होतो. जुन्या आणि नव्या फळ्या एकाच पेटीत, एका ओळीत, आणि एकच पाटी. मास्तरांनी प्रियाकडून पाटी वाचून घेतली. मग कॅटलॉग उघडलं. दुसरं काही न बघता त्यांची नजर थेट पानाच्या मध्यावर गेली, तळाशी. एक पान. दुसरं पान. मग सगळी पानं... त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही धुतलं?"

मी म्हटलं, "घाण होती, मास्तर. साफ केली."

त्यांनी कॅटलॉग मिटलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं. प्रिया हळूच म्हणाली, "डॅडी, ही इज नॉट ओके."

पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर कॅटलॉग ठेवून त्यांनी मला समजावलं. ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांच्याकडे जुना रिवाज असा की लिहिणाऱ्याचं नाव सुरुवातीला आणि कोरणाऱ्याचं नाव घडीवर, तळाशी. फळी कोणाची हे कळावं म्हणून. चूक निघाली तर कोणाला धरायचं हे कळावं म्हणूनही. त्या जुन्या फळ्यांवर एकूण चार कारागिरांची नावं होती. मास्तरांनी ती तळघरात बाईंना बोट ठेवून दाखवली होती, एकेक वाचून. आणि शेवटच्या तीन फळ्यांवर त्याच जागी त्यांनी स्वतःचं नाव कोरलं होतं. म्हणजे जुने चार आणि नवा एक, पाची जणांना मी एका ब्रशने पुसलं, आणि पाटी लावणारीने पाचांना मिळून 'अज्ञात' केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या ऑफिसात होतो. मी म्हटलं, नावं फळीवरच आहेत, पाटी बदला, आणि कॅटलॉगमध्ये घालायला मी एक पान माझ्या कागदावर छापून देतो. बाई म्हणाल्या, त्यांना तसं काही दाखवल्याचं आठवत नाही. भाषेची अडचण असेल. मी विचारलं, "मग मधलं साफ करा असं मला का सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "दिसायला बरं म्हणून. तुम्हीच छपाईवाले ना? तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलं असतं तर तुम्ही विचारायला हवं होतं." हा टोला खरा होता, म्हणूनच मी तिथे ओरडलो. काय ओरडलो ते सुमनला अजून सांगितलेलं नाही. दोन गार्ड मला दारापर्यंत सोडायला आले. लायब्ररीचं काम गेलं ते गेलंच. पुढे दोन वर्षं मी पत्रं पाठवली. एक उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की श्री. शेन यांच्या ऐच्छिक सहकार्याबद्दल संस्था आभारी आहे. पाच महिने चाकू ओढणं म्हणजे ऐच्छिक सहकार्य. माझा हिशेब साधा आहे: तीन फळ्या नव्या आहेत असं पाटीवर आलं असतं, तर संच अपुरा आहे हेही आलं असतं, आणि देणगीदारांच्या समोर अपुरा संच बाईंना नको होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण बाईंनी ते खोटं आहे असंही आजवर लिहून दिलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला मास्तरांचाही संशय येत असे. हा माणूस स्वतः का बोलत नाही? माझ्याबरोबर एकदा तरी त्या ऑफिसात का येत नाही? मी एकदा तोंडावर म्हटलं, "तुम्हाला काही वाटतच नाही का?" ते म्हणाले, "तुम्ही भांडता, ते बघून बरं वाटतं." आणि चहा ओतला. त्यानंतर ते किचनमध्ये परत गेले. मी लाकूड आणून ठेवलं होतं, चांगलं वाळलेलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, वास घेतला आणि परत ठेवलं. माझी समजूत अशी झाली की म्हातारा भित्रा आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मग शनिवारही बंद झाले... मी दोनदा भेटायला गेलो, तिसऱ्यांदा जाईन म्हणता म्हणता राहिलं.

अंत्यविधीनंतर आठवड्याने मी मेईकडे गेलो. माफी मागायची होती, पण बसल्या बसल्या मी तिलाच विचारलं, की तू तरी त्यांना लायब्ररीशी का भांडू दिलं नाहीस? ती मास्तरांसारखी गप्प बसणारी नाही. म्हणाली, "अंकल, तुम्हाला नाव म्हणजे फक्त चांगली गोष्ट वाटते. चीनमध्ये जुनं सगळं मोडायची मोहीम निघाली होती, त्या वर्षांत आमच्या गावात बाबांचं नाव भिंतीवर लिहिलं होतं, माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत, आणि वर काळी फुली. जुनी पुस्तकं कोरणारा म्हणून. त्यांच्या आणि आजोबांच्या फळ्या त्यांनाच फोडायला लावल्या, शाळेच्या चुलीसाठी. फोडण्याआधी ते प्रत्येक फळीवरचं नाव चाकूने खरवडायचे, कोणाला आजोबांचं नाव सापडू नये म्हणून. त्यानंतर त्यांनी काही कोरलं तरी नाव घातलं नाही. पंधरा-सोळा वर्षं. तुमच्या लायब्ररीच्या फळ्यांवर पहिल्यांदा घातलं. मला म्हणाले होते, इथे चालेल."

मी भित्रा म्हणत होतो तो हा माणूस. त्याला वाटलं होतं की इथे चालेल, आणि ते नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं ते माझ्या ब्रशने. पहिल्यांदा निदान त्याने स्वतः खरवडलं होतं.

मेईने आतून एक नळी आणली. फळ्या लायब्ररीत देण्याआधी मास्तरांनी घरी, जेवणाच्या टेबलावर काढलेले तीन ताव. मी ते दुकानात आणले आणि भिंग लावून बघितलं. घडीच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी तीन अक्षरं. मला ती वाचता येत नाहीत. मेईने कागदावर मोठी करून दिली म्हणून जुळवून बघता आली. पहिल्या फळीवर जरा बिचकत कोरल्यासारखी आहेत. तिसऱ्या फळीवर ठळक आहेत.

आता मुद्द्याचं. त्या बाई आज त्या लायब्ररीत वरच्या पदावर आहेत. पेटी पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारी आहे. पाटी तीच आहे. मी परवाच बघून आलो, गार्डने मला ओळखलं. शेन मास्तरांना मोठेपणा द्या असं माझं म्हणणं नाही. घासाघीस मी आयुष्यभर केली, पण या बाबतीत मला सूट नको आणि मी द्यायचाही नाही. माझा अपराध मी इथे छापून कबूल केला आहे, तारखेसह लायब्ररीलाही लिहून दिला आहे. आता त्यांची पाळी. ती काच उघडा. कुठल्याही चिनी विद्यार्थ्याला बोलवा, आरसा द्या, आणि घडीच्या जागेवर तळाशी काय कोरलंय ते मोठ्याने वाचून घ्या, पाची जणांचं. मग बाईंनी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत, मला नाही, मेईला, सहीनिशी: तळघरात ती नावं तुम्हाला दाखवली होती की नाही? आणि दाखवली असतील, तर मला ती साफ करायला का सांगितलंत?